वाई, पाचगणी, भिलार, महाबळेश्वर : कुटुंबासह कॅम्परव्हॅनने कसे जावे

कॅम्परव्हॅन घेऊन डोंगरात निघालेली बहुतेक कुटुंबे पहिल्या दिवशी एकच चूक करतात. गाडीतच घर आहे, मग कुठेही जाता येईल, अशा समजुतीने ती रोज शंभर-दीडशे किलोमीटरचे घाट पालथे घालतात आणि तिसऱ्या दिवशी मुले आजारी, आजी-आजोबा थकलेले आणि चालवणारा चिडलेला अशा अवस्थेत घरी परततात. माझ्या अनुभवाने सांगतो की डोंगरातील लहान गावे पाहायची असतील, तर व्हॅन गावाच्या वेशीवर उभी करावी, गावात पायी जावे आणि एका ठिकाणी किमान दोन रात्री राहावे. पुण्याहून वाई, पाचगणी, भिलार, महाबळेश्वर आणि केळघर घाटाने मेढा, सातारा असा फेरा जेमतेम तीनशे किलोमीटरचा होतो. त्यासाठी पाच दिवस काढावेत, म्हणजे तो सुखाचा होतो.

भाड्याची व्हॅन ताब्यात घेताना पलंग किती मऊ आहे हे पाहण्याआधी तिची उंची, रुंदी आणि ब्रेक पाहावेत. टेंपो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीवर वातानुकूलन यंत्र बसवले की उंची बरीच वाढते, आणि घाटातील झाडांच्या फांद्या किंवा बाजारातील पत्र्याचे छज्जे यांचा विचार आधीच करावा लागतो. उंचीचा आकडा कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवावा. प्रत्येक प्रवाशाला सीटबेल्ट असलेली जागा आहे ना, हे मोजावे. मागच्या पलंगावर मूल झोपलेले असताना गाडी मुळीच चालवू नये, मग ते कितीही गाढ झोपलेले असो.

पाण्याचा आणि विजेचा हिशेब घरूनच करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे शंभर लिटरची टाकी भरून घाट चढणे म्हणजे आणखी दोन माणसे बरोबर घेण्यासारखे आहे. ती अर्धी भरून निघावे आणि वर पोहोचल्यावर यजमानाच्या परवानगीने भरावी. आम्हा पाच जणांना अंघोळ सोडून शंभर लिटर दोन दिवस पुरतात. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-अवर बॅटरीत सुमारे बाराशे वॉट-तास वीज असते. दिवे, पंखा आणि लहान फ्रिज तिच्यावर चालतात. पण इंडक्शन शेगडीवर अर्धा तास स्वयंपाक केला, तर त्यातली बहुतेक वीज संपते. म्हणून स्वयंपाक गॅसवर करावा, चालत्या गाडीत सिलिंडरची चावी बंद ठेवावी आणि थंडी कितीही असली तरी कोळशाची शेगडी गाडीच्या आत पेटवू नये, कारण बंद जागेत तिच्यातून निघणारा विषारी वायू जीवघेणा ठरतो.

पहिला मुक्काम वाईत करावा. पुण्याहून निघून खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्यावरून आत वळावे. व्हॅन गावाबाहेर सोडून सगळ्यांनी चालत कृष्णेच्या घाटावर जावे. १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर नदीच्या बाजूने पाहिले की त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची का आहे, हे मुलांना पुराच्या पाण्याच्या संदर्भात समजावून सांगता येते. वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा यांसाठी निवांत अर्धा दिवस ठेवावा. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईतच उभे राहिले, हे मोठ्या मुलांना जरूर सांगावे; पुढे भिलार या पुस्तकांच्या गावी गेल्यावर ते त्यांना आठवते.

वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट सुमारे बारा किलोमीटरचा आहे. तो शनिवारी सकाळी चढू नये. शुक्रवारी दुपारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी चढावा. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असा नियम आहे, तरी वळणावर हॉर्न द्यावा आणि एसटी समोर दिसली की आपणच रुंद जागी थांबून तिला जाऊ द्यावे, कारण एसटीचा चालक तो रस्ता रोज चालवतो आणि आपण पाहुणे असतो. मुलांना घाट लागतो तो बहुधा भरल्या पोटी आणि खाली मान घालून मोबाईल पाहिल्यामुळे. निघण्याआधी हलके खाणे द्यावे, त्यांना पुढे तोंड करून बसवावे, खिडकी थोडी उघडावी आणि आलेपाकाची डबी हाताशी ठेवावी.

दोन रात्रींचा मुख्य मुक्काम पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये असलेल्या भिलारच्या परिसरात करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ४ मे २०१७ पासून हे पुस्तकांचे गाव आहे: लोकांच्या घरांत, मंदिरांत, शाळेत पुस्तके ठेवलेली आहेत आणि कोणीही आत जाऊन बसून वाचू शकतो. आमची धाकटी मुलगी एका घराच्या ओसरीवर दोन तास वाचत बसली होती. त्या घरातील मावशींनी तिच्यापुढे वाटीभर स्ट्रॉबेरी ठेवली आणि वाचनात खंड पडू नये म्हणून त्या काही न बोलता आत निघून गेल्या. हे व्हॅनच्या खिडकीतून दिसत नाही.

रस्त्याकडेला किंवा पठारावर मनाला येईल तिथे मुक्काम टाकू नये. एखाद्या शेतकऱ्याला किंवा घरगुती निवासाच्या मालकाला आदल्या दिवशी फोन करून अंगणात गाडी उभी करण्याची परवानगी घ्यावी, पाणी आणि शौचालयाच्या वापराचे पैसे आधी ठरवावेत आणि शक्य असेल तर रात्रीचे जेवण त्यांच्याकडेच घ्यावे. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेकबरोबर चाकाखाली लाकडी ठोकळा लावावा. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांची उगमस्थाने येथेच मानतात. त्यामुळे भांडी घासल्याचे साबणाचे पाणी उघड्यावर सोडू नये; ते गाडीच्या सांडपाण्याच्या टाकीत साठवून यजमानाच्या शोषखड्ड्यात किंवा मोरीत त्यांना विचारूनच ओतावे. गाडीतील शौचालयाची पेटी तर केवळ मैलाटाकीशी जोडलेल्या शौचालयातच रिकामी करावी.

महाबळेश्वरला भिलारहून एक दिवसाची फेरी पुरते, आणि तीसुद्धा एसटीने किंवा टॅक्सीने करावी. डॉ. साबणे रस्त्यावरील बाजार मोठ्या गाडीसाठी नाहीच, आणि माकडे उघड्या खिडकीतून पोळ्यांचा डबा सहज पळवतात. क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर सकाळी लवकर पाहावे. तापोळ्याचा रस्ता सुंदर असला तरी अरुंद आणि वळणांचा आहे, तिथे व्हॅन नेऊ नये.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण स्ट्रॉबेरी असते आणि हवा स्वच्छ असते. मात्र पहाटे वेण्णा तलावाच्या आसपास दवबिंदू गोठण्याइतकी थंडी पडू शकते. रात्री एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, नाहीतर श्वासाच्या वाफेने गाद्या दमट होतात. जून ते सप्टेंबर या काळात व्हॅन आणू नये. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. अशा दिवशी घाटात दरडी कोसळतात.

परतताना केळघर घाटाने मेढ्याकडे उतरावे. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावे, न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडू नये आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा दाबून सोडत जावे. एकदा मी हे पाळले नाही. अर्ध्या घाटात जळक्या रबरासारखा वास आला, पेडल मऊ पडले आणि मागे बसलेल्या आईचा आवाज एकाएकी थांबला. मी खालचा गिअर टाकला, डोंगराच्या बाजूला गाडी लावली, सगळ्यांना खाली उतरवले आणि चाकांवर पाणी न मारता पाऊण तास थांबलो, कारण तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडले तर ती तडकू शकते. आता आम्ही मधे एकदा आणि मेढ्यात एकदा, दोन्ही वेळा गरज वाटो वा न वाटो, थांबतोच. आई तेवढ्यात थर्मासमधला चहा ओतते आणि मी चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहून येतो.