आत वळलेलं स्तनाग्र: माझा अनुभव

सातव्या महिन्यात एकच घोर लागला. माझं उजवं स्तनाग्र सपाट, डावं आत वळलेलं. बाळ पिणार कसं? कोथरूडच्या मावशी म्हणाल्या, रोज तेल लावून ओढ. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. गरोदरपणी सारखं ओढल्याने कळा येऊ शकतात, आणि 1990 च्या दशकात ब्रिटनमधल्या चाचण्यांतही अशा व्यायामांचा फायदा दिसला नव्हता.

स्तनपान सल्लागार ताईंनी सांगितलं, बाळ नुसतं टोक धरत नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात घेतं. निम्मी भीती तिथेच गेली.

बाळ झाल्यावर लगेच उघड्या छातीवर घेतलं. उजवीकडे ते प्यायला लागलं. डावीकडे सिरिंज कामी आली: नव्या सिरिंजचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत कड स्तनाग्राभोवती टेकवून पाजण्याआधी अर्धा-एक मिनिट दट्ट्या हलकेच ओढायचा, म्हणजे स्तनाग्र बाहेर येतं. दुखलं की थांबायचं. हे बाळंतपणानंतरच, आणि पहिल्यांदा ताईंसमोर. बाळ डावीकडे प्यायला लागेपर्यंत तिकडचा चीक हाताने काढून वाटी-चमच्याने पाजला. बाटली घरात येऊ दिली नाही. सासूबाई कुरकुरल्या, पण वाटी त्यांनीच उकळून दिली.

हळूहळू ते डावीकडेही प्यायला लागलं. लाडकी बाजू मात्र उजवीच.