दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून लांबच्या उड्डाणाचं अंतर काढू नका. गोल पृथ्वी सपाट कागदावर आली की सरळ रेघ सर्वांत जवळची राहत नाही. विमानं शक्यतो महावर्तुळाच्या, म्हणजे गोलावरच्या दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या, वाटेजवळून जातात, म्हणून हिशेब अक्षांश-रेखांशांवरूनच करावा, आणि तेही शहराचे नव्हे, विमानतळाचे घ्यावेत.

आधी अक्षांश, मग रेखांश. लंडन हीथ्रो: ५१.४७, −०.४५. सिंगापूर चांगी: १.३६, १०३.९९. कॅल्क्युलेटर आधी डिग्रीवर आणा. तो रेडियनवर राहिला तर उत्तर भलतंच येतं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (१०४.४४) कोसाइन, असा तिघांचा दुसरा गुणाकार करा. दोन्ही गुणाकारांची बेरीज −०.१३६७ येते. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ९७.८६ अंश. एका अंशाला १११.१९ किमी धरले की अंतर सुमारे १०,८८० किमी.

सर्वाधिक चुका चिन्हात होतात. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे. सिंगापूर–न्यूयॉर्क (तिथला जेएफके विमानतळ: ४०.६४, −७३.७८) काढताना उणे चिन्ह लिहायचं राहिलं, तर १५,३४० किमीऐवजी ५,३२० येतात! उत्तर नॉटिकल मैलांत हवं असेल तर किमीला १.८५२ने भागा. साधा मैल वेगळा, १.६०९ किमीचा.

आता वेळ. मोठी जेट विमानं साधारण ताशी ९०० किमीने जातात. १०,८८० भागिले ९०० म्हणजे १२ तास ५ मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांसाठी ३० ते ४० मिनिटं मिळवा. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्यामुळे नुसत्या भागाकाराचं उत्तर नेहमी कमी पडतं.

वारा मात्र सूत्रात बसत नाही. मध्य अक्षांशांत विमानांच्या उंचीवर जेट स्ट्रीम हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात अधिक जोराने. लंडन–न्यूयॉर्क (सुमारे ५,५४० किमी) जाताना वेळापत्रकात आठ तासांच्या आसपास लागतात, येताना सातच्या. दिशा न पाहता दोन्हीकडचा वेळ सारखा धरणं ही हमखास होणारी चूक.

बंद हवाई हद्दीचा फटका याहूनही मोठा बसतो. हेलसिंकी–टोकियो अंतर सुमारे ७,८०० किमी, पण २०२२मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. म्हणून महावर्तुळ कोणत्या देशांवरून जातं, तेही बघा.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी करू नका. आधी दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभरच्या समान प्रमाण वेळेत, आणा. हिवाळ्यात लंडनहून २१:०० ला निघून १३ तास लागले तर यूटीसीनुसार दुसऱ्या दिवशी १०:००, सिंगापूरला (यूटीसी +८) संध्याकाळचे १८:००. उन्हाळ्यात लंडन यूटीसी +१ वर असतं, त्यामुळे तेच उड्डाण १७:०० ला पोहोचेल.