कुरडईचा सोऱ्या आणि १.७५ मिलिमीटरचा दोरा

नागपुरात सक्करदऱ्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. फेब्रुवारी संपता संपता कूलरचे पंप आणि पंख्यांच्या मोटरी यायला लागतात, ते मृग लागेपर्यंत डोकं वर काढायला फुरसत नसते. पाऊस पडला की काम ओसरतं. मुलगी पॉलिटेक्निकला शिकते, तिच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. बिघडलेल्या प्रिंटांनी भरलेली एक पिशवी कित्येक महिने दुकानाच्या कोपऱ्यात पडून होती. "बाबा, हे वितळवून परत फिलामेंट नाही का काढता येत?" असं तिनं एकदा विचारलं. फिलामेंट म्हणजे प्रिंटरला लागणारा प्लास्टिकचा दोरा. त्या प्रश्नापायी माझे दोन पावसाळे गेले. आता फिलामेंट काढणारं माझं यंत्र चालतं. पाच तासांत एक किलो पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) निघतं, म्हणजे साधारण ३३० मीटर दोरा, आणि जाडी १.७५ मिलिमीटरच्या आसपास ०.०५ इतकीच हलते. तुम्हालाही बनवायचं असेल तर कसं करायचं ते सांगतो. जिथे माझा वेळ गेला तिथे जास्त सांगेन.

यंत्र म्हणजे कुरडईचा सोऱ्याच. वरच्या हॉपरमधून, म्हणजे दाणा भरायच्या भांड्यातून, प्लास्टिकचा दाणा पडतो, पाइपातला स्क्रू तो पुढे ढकलतो, पुढच्या टोकाला हीटर तो वितळवतो आणि पितळी भोकातून, म्हणजे नोझलमधून, दोरा बाहेर येतो. हे घरी होऊ शकतं याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. २०१२ मध्ये तिथे एक स्पर्धा जाहीर झाली होती: सुट्या भागांचा खर्च २५० डॉलरच्या आत ठेवून दाण्यापासून फिलामेंट काढणारं यंत्र बनवायचं आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला करायचा. २०१३ मध्ये ती ह्यू लायमन यांनी जिंकली, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्यांचा आराखडा मी मुलीकडून समजून घेतला आणि नंतर नागपुरात जे मिळतं त्यावर माझं यंत्र बसवलं.

स्क्रूसाठी लाकडात खोल भोक पाडायचा १६ मिलिमीटरचा लांब ऑगर ड्रिल घ्या. इतवारीत सुतारी हत्यारांच्या दुकानात मिळतो. पुढचं टोक आणि कापायच्या धारा ग्राइंडरने उडवा. बॅरलसाठी अर्ध्या इंचाचा काळा एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप घ्या, त्याचं आतलं माप १६ च्या किंचित वर येतं. साधा पाइप आतून जोडाचा असतो आणि त्या जोडाची बारीक उभी रेघ आत उठलेली असते, तिथे ड्रिल अडतो. लेथवाल्या भाऊंकडून तेवढी रेघ काढून घ्या. सीमलेस पाइप मिळाला तर हा त्रासच नाही. ड्रिल पाइपात हाताने फिरला पाहिजे, पण खडखड वाजायला नको. फट मोठी राहिली तर वितळलेलं प्लास्टिक पुढे जायच्या ऐवजी फटीतून मागे येतं.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा. ऑगर ड्रिल लाकडाचा भुसा मागे, म्हणजे आपल्याकडे फेकण्यासाठी बनलेला असतो. आपल्याला दाणा पुढे पाठवायचा आहे, म्हणून तो उलटा फिरवावा लागतो: मोटरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध. त्यामुळे आट्यांवर बसणारा चक लावलात तर तो आपोआप सुटत जाईल. मी लेथवर कपलिंग करून घेतलं आणि आरपार भोक पाडून पिन मारली.

दुसरं म्हणजे, स्क्रू प्लास्टिकला जेवढ्या जोराने पुढे रेटतो तेवढ्याच जोराने प्लास्टिक स्क्रूला मागे रेटतं. हा सगळा जोर मोटरच्या गिअरबॉक्सवर जातो. माझी पहिली मोटर गाडीच्या वायपरची होती, तिच्यातला प्लास्टिकचा गिअर अर्ध्या तासात दात गमावून बसला. मोटर कमजोर आहे असं समजून मी दुसरी लावली, तिचंही तेच झालं. मग ती खोलून पाहिली तेव्हा कळलं की शाफ्टच मागे सरकून झाकणाला घासत होता. कपलिंगच्या मागे एक थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा जोर झेलणारं) बसवलं, त्याच्या मागे जाड लोखंडी पट्टी फ्रेमला बोल्ट केली, आणि त्या दिवसापासून गिअर तुटलेला नाही. बेअरिंगच्या दुकानात "५११०३" म्हटलं की १७ मिलिमीटरच्या शाफ्टचं मिळतं. तुमच्या कपलिंगच्या मापाने घ्या. मोटर मात्र वायपरची नकोच, सलग पाच तासांच्या कामासाठी ती बनलेली नसते. मिनिटाला १५ फेऱ्या करणारी, जड गिअरबॉक्सची मोटर कबाड्याकडे शोधा.

फ्रेमसाठी चौकोनी पाइप, जाड प्लायवूड, जे असेल ते चालेल. फक्त मोटर, बेअरिंग आणि पाइप एका रेषेत हवेत.

हीटर म्हणून १५० वॉटचा बँड हीटर घ्या. प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यांत हाच असतो, हिंगणा एमआयडीसीकडे त्याचं सामान विकणारे आहेत. तो पाइपाच्या शेवटच्या दहा सेंटिमीटरवर बसवा आणि वरून सिरॅमिक वूल गुंडाळा. हॉपर हीटरपासून किमान पंधरा सेंटिमीटर लांब ठेवा. मधल्या पाइपावर जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं हीटसिंक आणि छोटा पंखा बांधा. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. उष्णता मागे सरकली तर हॉपरच्या तोंडाशी दाणे एकमेकांना चिकटून त्यांची कमान होते. वर दाणा भरलेला दिसतो, खाली स्क्रू रिकामा फिरतो.

कंट्रोलला तापमान ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारा पीआयडी टेम्परेचर कंट्रोलर, तापमान मोजणारं के टाइप थर्मोकपल आणि हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले. पीएलएला माझ्याकडे १७५ ते १८५ अंश लागतात. वायरिंगचं काम मी रोज करतो म्हणून बजावून सांगतो: पाइपाला आणि फ्रेमला अर्थिंग द्या, लाइन आरसीसीबीतून (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या आणि हीटरच्या सिरीजमध्ये २४० अंशांचा थर्मल फ्यूज पाइपाला घट्ट बांधा. थर्मोकपल नुसतं टेकवू नका, नटाखाली दाबून बसवा. ते निसटलं की कंट्रोलरला वाटतं पाइप थंडच आहे, आणि तो हीटर चालूच ठेवतो. माझ्याकडे हे झालं होतं, तो फ्यूज उडाला म्हणून दुकान वाचलं.

पुढच्या टोकाला पितळी प्लग लावा आणि त्याच्या मागे स्टीलच्या बारीक जाळीची चकती, कचरा अडवायला. शेव पाडताना भोकापेक्षा शेव किंचित जाड निघते, तसंच इथेही होतं. भोक १.६ मिलिमीटरचं पाडून सुरुवात करा. मी आता १.८ वर आहे, कारण बाहेर आल्यावर दोरा ओढून बारीक करतो.

एवढं झालं की दोरा निघतो, आणि बहुतेकांचं यंत्र इथेच थांबतं. खाली फरशीवर वेटोळी पडतात, कुठे १.६, कुठे १.९, आणि माणूस हीटरचे आकडे बदलत बसतो. मीही महिनाभर तेच केलं. जाडी खरी ठरते ती दाणा किती कोरडा आहे आणि दोरा बाहेर आल्यावर कसा थंड होतो, कसा ओढला जातो, यावर. पैसे आणि वेळ तिथे घाला.

आधी दाणा. पहिल्यांदा नवा व्हर्जिन दाणाच वापरा. प्रिंटांचा चुरा नंतर, चाळून, शंभराला वीस-पंचवीस भाग एवढाच मिसळा. पीएलए हवेतलं पाणी ओढून घेतं. ओला दाणा गरम पाइपात गेला की नोझलशी फोडणीतली मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येतो आणि दोऱ्यात फुगे दिसतात. फुगे दिसले नाहीत तरी नुकसान होतंच, कारण त्या तापमानाला पाणी पीएलएच्या साखळ्या तोडतं. असा दोरा दिसायला चांगला, पण वाकवला की काडीसारखा कट्कन मोडतो.

पहिल्या उन्हाळ्यात मला हे कोडं सुटेना. मे महिन्यातली नागपूरची हवा, ओला टॉवेल दहा मिनिटांत वाळतो, आणि माझा दाणा ओला कसा? कारण डोक्यावरच होतं: दुकानातला कूलर. मी दिवसभर पाण्यातून ओढलेली हवा त्या उघड्या दाण्यावर सोडत होतो. आता दाणा झाकणाच्या डब्यात असतो आणि यंत्र चालू असताना त्या खोलीतला कूलर बंद असतो. आमच्या घरी नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवर कुरडया आणि सांडगे घालतात, त्याच पत्र्यावर एका बाजूला स्वच्छ कापडावर दाणा पसरतो. त्याने निम्मं काम होतं. उरलेलं ओव्हनमध्ये: नवे दुधाळ पांढरे दाणे ८० अंशांवर चार तास, चुरा मात्र ४५ ते ५० वर रात्रभर. त्याच्यावर नेलात तर चुऱ्याचा गोळा होईल. त्या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचं काही करू नका.

पीव्हीसीचा एकही तुकडा या यंत्रात जाता कामा नये, त्यातून आम्लाचा विषारी वायू सुटतो. एबीएस हे प्रिंटरचं दुसरं प्लास्टिक, त्याचा धूर बंद खोलीत घेऊ नये.

आता ओढणं. जुन्या प्रिंटरचे दोन रबरी रोलर स्प्रिंगने एकमेकांवर दाबा, एकाला वेग कमी-जास्त करता येणारी छोटी गिअर मोटर लावा. दोरा मिनिटाला साधारण एक मीटर येतो, तेवढ्याच वेगाने तो ओढला गेला पाहिजे. जाड येत असेल तर ओढ वाढवा, बारीक येत असेल तर कमी करा. हिशोब असा: १.८५ चा दोरा १.७५ च्या दोऱ्यापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त प्लास्टिक घेऊन जातो, म्हणून वेग १२ टक्के वाढवला की तो १.७५ वर येतो. हाच १२ टक्क्यांचा फरक प्रिंटरही सोसतो; दोरा जाड असेल तर प्रिंटवर तेवढं प्लास्टिक जास्त सांडतं. म्हणून जाडीसाठी एवढा जीव टाकायचा.

एक बदल केला की दोन मिनिटं थांबा, मग मोजा. मी सुरुवातीला दर दहा सेकंदांनी बटण फिरवायचो, त्यामुळे दोरा सापासारखा जाड-बारीक होत जायचा. डिजिटल व्हर्निअर घ्या आणि एकाच जागी दोनदा मोजा, दुसऱ्यांदा दोरा पाव फेरी वळवून. दोन्ही आकड्यांत ०.०५ पेक्षा जास्त फरक आला तर दोरा चपटा होतोय, म्हणजे रोलरपर्यंत पोचताना तो अजून मऊ आहे.

आणि हे चपटं होणं नागपुरात ऋतूप्रमाणे बदलतं. जानेवारीत नोझल आणि रोलर यांच्यात पाऊण मीटर अंतर आणि एक छोटा पंखा पुरतो. मे महिन्यात खोलीतच ४२ अंश असतात आणि पीएलए ६० ला मऊ. दोऱ्याला थंड व्हायला अठराच अंशांचा फरक मिळतो. पंखा कितीही जोरात लावा, गरम हवेने तो वेळेत घट्ट होत नाही. म्हणून उन्हाळ्यात पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली मीटरभराची पन्हळ पाण्याने भरून मध्ये ठेवतो. नोझलमधून निघाल्यावर पहिले दहा-पंधरा सेंटिमीटर हवेत, मग पाण्यात, मग दुमडलेल्या सुती कापडातून पुसून रोलरवर. पाणी माठातलं चालतं, बर्फ टाकू नका, एकदम थंड केलं की दोरा वाकडा आखडतो.

यंत्र सुरू करताना हीटर लावून वीस-पंचवीस मिनिटं वाट पाहा. आत थिजलेलं प्लास्टिक असताना मोटर सुरू केली तर पिन तरी तुटेल नाही तर कपलिंग. पहिले दहा मीटर बाजूला काढा, ते पुढच्या वेळी चुऱ्यात जातील. दोरा रिळावर गुंडाळायला मी आधी मोटर लावली होती, ती दोरा खेचून जाडी बिघडवायची. आता तो मोठ्या बादलीत वेटोळी घालत पडतो आणि मुलगी संध्याकाळी हाताने रिळावर घेते.

बंद करताना हॉपर रिकामा होऊ द्या, दोरा यायचा थांबला की आधी हीटर बंद करा आणि मोटर अजून मिनिटभर चालू ठेवा. भरलेला पाइप गरम ठेवून जेवायला जाऊ नका. आतलं पीएलए करपतं आणि पुढच्या तीन बॅचमध्ये काळे ठिपके येत राहतात. तयार रीळ लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पुड्या दर पंधरवड्याला ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवाव्या लागतात.