परत आलेला यूपीएस भंगारात घालण्याआधी: छोट्या कारखान्यासाठी डिजिटल नोंदींची पद्धत

भोसरी एमआयडीसीतल्या एका यूपीएस बनवणाऱ्या कंपनीत मी सर्व्हिस विभाग सांभाळते. ५ ते २० केव्हीए क्षमतेची ऑनलाइन मशीन (वीज सतत इन्व्हर्टरमधून देणारी) आम्ही बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे सहकारी बँकांच्या शाखा, पॅथॉलॉजी लॅब, सीएनसीवाले (संगणकावर चालणारी यंत्रं वापरणारे कारखाने). मशीन विकायचं, वॉरंटीपुरतं सांभाळायचं आणि पुढे ते कुठे गेलं याची चौकशी करायची नाही, ही या धंद्याची जुनी रीत. ती मोडायची तर मशीन परत घ्यावं लागतं, नीट करून पुन्हा विकावं किंवा भाड्याने द्यावं लागतं आणि उरलेलं नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवावं लागतं. त्यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअर विकणारे दारात उभेच असतात. ती घेण्याआधी मशीनमधल्या प्रत्येक कार्डाला (सर्किट बोर्डाला) स्वतःचा नंबर द्या आणि परत आलेल्या प्रत्येक मशीनची नोंद ठेवायला लागा. पुढचं सगळं त्या नोंदींवर उभं राहतं.

नंबर कार्डावर हवा

बहुतेक कारखान्यांत सिरीयल नंबरचं स्टिकर फक्त कॅबिनेटच्या मागे असतं. फिल्डवर मात्र मशीन बंद पडलं की टेक्निशियन पॉवर कार्ड काढतो, बॅगेतलं दुसरं बसवतो आणि फोन करतो, "मॅडम, कार्ड बदललं, मशीन चालू." त्यानंतर कॅबिनेटवरच्या नंबरावरून आतल्या मालाचं वय कळत नाही. चार वर्षं जुन्या डब्यात सहा महिन्यांचं कार्ड असतं, आणि काढलेलं कार्ड दुरुस्त होऊन तिसऱ्याच गावच्या मशीनमध्ये बसलेलं असतं.

म्हणून पॉवर, कंट्रोल आणि चार्जर या तिन्ही कार्डांवर डेटा मॅट्रिक्स कोड लावा. तो क्यूआरपेक्षा कमी जागेत मावतो, ५-६ मिलिमीटरचा चौकोन पुरतो. लेबल पॉलिइमाइडचं घ्या, म्हणजे ते रिफ्लो ओव्हनमधून (कार्डावर भाग सोल्डर करणाऱ्या भट्टीतून) सुखरूप बाहेर येतं. कोडची जागा डिझाइनवाल्यांबरोबर बसून ठरवा. कव्हर उघडल्यावर कार्ड न काढता मोबाइलने स्कॅन झाला पाहिजे. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) आड गेलेला कोड कोणी स्कॅन करत नाही.

सिस्टीममध्ये मशीनच्या नंबराखाली कार्डांचे नंबर जोडायचे. कार्ड बदलताना जुनं आणि नवं दोन्ही स्कॅन झाल्याशिवाय कॉल बंद होऊ द्यायचा नाही. सुरुवातीला एक्सेल चालेल. पुढे मुंबईत तयार झालेलं, ओपन सोर्स ईआरपीनेक्स्ट हे कारभार सांभाळायचं सॉफ्टवेअर छोट्या कारखान्याला परवडतं. सिरीयल नंबर, बिल ऑफ मटेरियल (लागणाऱ्या भागांची यादी), वॉरंटी क्लेम हे सगळं त्यात आहे. ज्यांच्याकडे टॅली आणि रजिस्टर एवढंच आहे, त्यांनी एकच मॉडेल घेऊन सुरू करावं. सगळ्या मॉडेलांचं एकदम काढलंत तर स्टोअरवाले वैतागतील आणि पंधरा दिवसांत पुन्हा रजिस्टर उघडतील.

मशीनच्या बाहेर गिऱ्हाइकासाठी क्यूआर लावणार असाल तर तो कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्याकडे जाऊ द्या. फुकटात लिंक छोटी करून देणाऱ्या सेवांवर विसंबू नका. मशीन दहा वर्षं चालतं, त्या सेवा तितक्या टिकतील याची खात्री नाही.

बिघाडाची नोंद

"डेड आहे", "बीप वाजतो", "आउटपुट नाही" अशा शेऱ्यांतून काही शिकता येत नाही. बिघाडासाठी तीन वेगळे रकाने ठेवा: गिऱ्हाइकाला काय दिसलं, तपासणीत काय सापडलं, आपण काय केलं. प्रत्येक रकान्यात निवडायची यादी द्या आणि ती मराठीत द्या. कॅपॅसिटर फुगला, पंखा जाम, आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) शॉर्ट, रिलेचे काँटॅक्ट जळाले, बॅटरी उतरली, धूळ-ओलावा, सापडलं नाही. यातलं "सापडलं नाही" काढून टाकू नका. तो पर्याय नसला की टेक्निशियन मुलं कॅपॅसिटरवर खापर फोडतात आणि तुमचे आकडे बिघडतात. शिवाय बिघडलेल्या भागाचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको, त्या कार्डाच्या नंबराखाली हवा. ग्रुपवरचा फोटो आठवड्यात वाहून जातो.

ही यादी डिझाइन विभागापर्यंत दर महिन्याला गेली पाहिजे. कंट्रोल कार्डावर इपॉक्सी ओतलेलं असेल तर पाच रुपयांच्या भागापायी अख्खं कार्ड फेकावं लागतं. अ‍ॅक्रिलिकचं कन्फॉर्मल कोटिंग (पातळ संरक्षक थर) दिलं तर ओलावा अडतो आणि कार्ड दुरुस्तही करता येतं. हे आम्ही सर्व्हिसवाले वर्षानुवर्षं तोंडी सांगतो. नंबर आणि फोटो लावून सांगितलं की त्यावर बैठक बसते.

मशीन कुठे, किती तापलं

यूपीएसमध्ये आधी म्हातारे होतात ते डीसी बसवरचे (आतल्या डीसी विजेच्या मुख्य मार्गावरचे) इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. डेटाशीटवर १०५ अंशांना ५,००० तास लिहिलेलं असेल, तर ७५ अंशांना ४०,००० आणि ६५ अंशांना ८०,००० तास येतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे तोच कॅपॅसिटर एका जागी साडेचार वर्षं चालेल आणि दुसऱ्या जागी नऊ. रिपल करंट (कॅपॅसिटरमधून वाहणारा चढउताराचा प्रवाह) जास्त असेल तर आकडा आणखी खाली येतो, पण दोन्हींतला फरक कायम राहतो. एसी लावलेल्या बँकेतलं मशीन आणि सीएनसीच्या शेडमधलं मशीन एकाच दिवशी विकलं असलं, तरी परत येताना त्यांची किंमत एक नसते. हे फक्त नोंदीतूनच कळतं.

म्हणून मशीनने स्वतःच काही गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत: चालू तास, हीटसिंकचं तापमान, लोडची टक्केवारी, बॅटरी किती वेळा आणि किती खोल उतरली, फॉल्ट कोड. दर सेकंदाचा डेटा साठवून काही हाती लागत नाही. पाच मिनिटांची सरासरी आणि प्रत्येक घटनेची वेळ एवढं पुरे. आरएस-४८५ पोर्ट आणि मॉडबस (डेटा बाहेर काढायची जोडणी आणि तिची भाषा) बहुतेक मशीनमध्ये असतातच. त्याला स्वस्तातलं जीएसएम किंवा वायफायचं मॉड्यूल जोडून एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने) डेटा सर्व्हरवर पाठवता येतो.

बँका आणि इस्पितळं मात्र बाहेरचं मॉडेम आत लावू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अशा ठिकाणी नोंद मशीनच्या फ्लॅश मेमरीतच ठेवा आणि टेक्निशियनने भेटीच्या वेळी उतरवून घ्यावी. जिथे मॉडेम चालतं तिथेही कुठला डेटा जातो, कुठे राहतो आणि कोण बघतं हे गिऱ्हाइकाला एका पानावर मराठीत लिहून द्या आणि त्यावर त्यांची सही घ्या.

गेटवरचा निर्णय

मशीन परत आलं की इनवर्डलाच स्कॅन करा. स्क्रीनवर त्याचं वय, तास, तापमान, आधीचे कॉल दिसले पाहिजेत. त्यावरून तीन वाटा निघतात. अख्खं मशीन नीट करून पुन्हा बाजारात, किंवा चालू कार्डं काढून सर्व्हिसच्या साठ्यात, किंवा रिसायकलरकडे. आमच्याकडे तास जास्त आणि तापमान चढं असलं की कॅपॅसिटर आणि पंखे तपासत न बसता सरळ बदलतात. मधल्या पट्ट्यातल्या मालात कॅपॅसिटरचा ईएसआर (अंतर्गत रोध) मोजायचा. नव्याच्या दुप्पट आला की तो कॅपॅसिटर काढून टाकायचा. मग टेस्ट जिगवर (कार्ड तपासायच्या मांडणीवर) चाचणी आणि लोड बँकेवर (कृत्रिम भार देणाऱ्या यंत्रावर) बर्न-इन, म्हणजे सलग चालवून बघणं. जिगचे आकडे हाताने वहीत उतरवू नका. ते आपोआप कार्डाच्या नंबराखाली जाऊन बसले पाहिजेत. पुन्हा विकताना तोच रिपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. "जुना माल" म्हटल्यावर मागे सरकणारा माणूस चाचणीचे आकडे आणि लेखी वॉरंटी बघितली की बोलायला बसतो. आणि मशीन रिफर्बिश्ड (जुनं नीट केलेलं) आहे हे बिलावर आणि कॅबिनेटवर ठळक लिहाच.

कायद्याची बाजू आणि पैशाची

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि यूपीएस, इन्व्हर्टर त्यांच्या यादीत आहेत. मालाचं सरासरी आयुष्य धरून, तितक्या वर्षांपूर्वी बाजारात घातलेल्या वजनाच्या ठरावीक टक्के रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर येते. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढच्या दोन वर्षांसाठी ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर करायची. रिफर्बिशिंग करणाऱ्यालाही वेगळी नोंदणी लागते. बॅटऱ्यांचे नियम स्वतंत्र आहेत, त्यांचं वजन यात मिसळू नका.

छोट्या कारखानदारांच्या नजरेतून सुटणारी एक तरतूद इथे आहे. नोंदणीकृत रिफर्बिशरचं प्रमाणपत्र घेतलं की तेवढ्या मालाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातला ७५ टक्केच भाग मोजला जातो. म्हणजे दुरुस्तीचा फायदा कागदावरही उतरतो. पण वजन आणि वर्ष नंबरागणिक लिहिलेलं असेल तरच तो पदरात पडतो.

भाड्याच्या मॉडेलला हात सगळ्यात शेवटी घाला. महिन्याचं भाडं घेऊन अखंड वीज देण्याचा करार कागदावर छान दिसतो, पण मशीन तुमच्या ताळेबंदात राहतं, पैसा अडकतो आणि बँक विचारते की तीन वर्षांनी याची किंमत काय. तुमच्याच परत आलेल्या मशीनच्या नोंदींतून त्याचं उत्तर निघतं. निदान एका मॉडेलचा पूर्ण वॉरंटीकाळ नोंदीत आल्याशिवाय भाड्याचा दर ठरवू नका. तोवर एक्स्चेंज करा. जुनं आणा, नव्यावर सूट घ्या. त्याने मशीन घरी परत येतात आणि भांडवलही अडकत नाही.

निर्यात करणाऱ्यांनी सप्लायरकडची रोह्सची (घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपीय नियमाची) घोषणापत्रं आत्तापासून पार्ट नंबर आणि लॉटला जोडून ठेवावीत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत २ किलोवॉट-तासांवरच्या औद्योगिक बॅटऱ्यांना फेब्रुवारी २०२७ पासून डिजिटल पासपोर्टची (बॅटरीची माहिती देणाऱ्या ऑनलाइन नोंदीची) अट आहे, आणि २०२४ च्या इकोडिझाइन नियमावलीने इतर मालासाठीही ती वाट खुली केली आहे. विचारणा आल्यावर जुनी कागदपत्रं शोधत बसलात तर तीन वर्षांपूर्वीचा सप्लायर फोनसुद्धा उचलत नाही.

खोलणाऱ्यासाठी एक पान

बाहेरच्या क्यूआरखाली गिऱ्हाइकाच्या मॅन्युअलबरोबर मशीन सुटं करणाऱ्या कामगारासाठी एक पान ठेवा. हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते करणारा कारखाना मी क्वचित बघते. आमच्या मोठ्या मशीनमध्ये डीसी बसवर सातशे-आठशे व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते काही वेळ टिकतात. पान उघडल्यावर पहिल्यांदा तेच दिसलं पाहिजे: बॅटरीची तार आधी सोडा, इतकी मिनिटं थांबा, या दोन टोकांवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला. मिनिटांचा आकडा अंदाजाने टाकू नका, प्रत्येक मॉडेलवर मोजून लिहा. खाली फोटो: कुठले स्क्रू, कॅपॅसिटर कुठे, तांब्याचा ट्रान्सफॉर्मर कुठे, अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक कसा सुटतो. भाषा मराठी आणि हिंदी, वाक्यं छोटी, अक्षर मोठं. पान लॉगिनशिवाय उघडलं पाहिजे आणि साध्या मोबाइलवर, कमी रेंजमध्येही. तयार झालं की तुमच्या रिसायकलरच्या शेडवर जा, तिथल्या माणसाच्या हातात मशीन आणि मोबाइल द्या, आणि तो कुठे अडतो ते उभं राहून बघा.