जुनं घर घेताय? ओल, तडे आणि ताज्या रंगाबाबत या चुका टाळा

आम्ही पहिलं घर घेतलं ते दोनदा पाहून. दोन्ही वेळा भर दुपार, लख्ख ऊन. दिवाणखान्याच्या एका भिंतीला नुकताच रंग दिलेला, बाकीच्या तिन्हींचा रंग जुना. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट मालक टापटिपीचे आहेत असंच वाटलं. पहिल्याच पावसात त्या भिंतीवर हातभर उंच ओल चढली आणि पुट्टीचे पोपडे सुटू लागले. तेव्हापासून ओळखीतलं कुणीही घर बघायला सोबत चल म्हणालं की मी जाते. आयुष्यभराची कमाई ज्यात घालायची ते घर माणसं पंधरा मिनिटांत बघून बाहेर पडतात, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

ताज्या रंगावर भाळणं

घर विकायचं म्हणून सगळीकडे नवा रंग दिला असेल तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. एकच भिंत, छताचा एकच तुकडा किंवा खिडकीखालचा एवढासा पट्टा ताजा असेल तर मात्र तिथे थांबा आणि कारण विचारा. तळहात भिंतीवर टेकवून फिरवा. ओली भिंत शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते. बोटाच्या पेराने ठोकून बघा, गिलावा सुटला असेल तर पोकळ आवाज येतो. हाताला पांढरी, खारट भुकटी लागली तर तो लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन वाळतं आणि सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर सोडून जातं. रंगाने तो झाकला जातो, थांबत नाही.

मालकांना विनंती करून खिडक्या दहा मिनिटं बंद ठेवा. कोंदट, बुरशीचा वास तेवढ्या वेळात कळतो. खोलीत सुगंधी फवारा मारलेला असेल तर पुन्हा एकदा, न कळवता नाही पण थोड्याच वेळापूर्वी कळवून जा. कपाटामागे, सिंकखाली आणि पडद्याआड बघायला संकोच करू नका. घर विकायला काढलेल्या माणसाला त्याचा राग यायचं कारण नाही.

ओल दिसली, पण ती कुठून आली हे विचारलंच नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ओल दिसली की खरेदीदार एक तर घाबरून निघून जातो, नाहीतर ‘वॉटरप्रूफिंग करून घेऊ’ म्हणून पुढे सरकतो. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय या दोन्ही निर्णयांना काही आधार नसतो, कारण एका प्रकाराला थोडी माती उपसणं पुरतं आणि दुसऱ्याला अख्खी न्हाणीघराची फरशी उखडावी लागते.

जमिनीतून चढणारी ओल खालून सुरू होते आणि साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाऊन थांबते. वर क्षारांची वेडीवाकडी रेघ दिसते, खाली पोपडे. बाहेरून झिरपणारी ओल पावसानंतर वाढते, उन्हात कमी होते आणि बहुतेकदा खिडकीच्या कडेला किंवा बाहेरच्या भिंतीवर डागासारखी असते. नळ फुटलेला किंवा न्हाणीघरातून गळत असेल तर ऋतूशी संबंध नसतो. डाग बारमाही ओला असतो आणि हळूहळू पसरतो. चौथा प्रकार घरातल्या वाफेचा. हवा खेळत नसेल तर थंडीत कोपऱ्यांत, कपाटांमागे बाष्प बसतं आणि काळे ठिपके उमटतात. चौघांत हाच सगळ्यात स्वस्तात सुटणारा, आणि गंमत म्हणजे लोक सर्वांत जास्त घाबरतात तेही याच काळ्या ठिपक्यांना.

नक्की कळत नसेल तर एक सोपी चाचणी करता येते. वीतभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीच्या बाजूने दव असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूने असेल तर दोष हवेतल्या बाष्पाचा आहे. मालक दोन दिवस फॉइल ठेवू देत नसतील तर त्यातूनही बरंच कळतं.

आमच्या भिंतीचं कारण घराबाहेर निघालं. अंगणात भराव घालून फरशी केली होती आणि ती जोत्याच्या वर आली होती. जमिनीतलं पाणी वर चढू नये म्हणून जोत्यावर जो ओलरोधक थर देतात, तो त्यामुळे निकामी झाला. पावसाचं पाणी थेट भिंतीला टेकून राहायचं. आम्ही आतून तीनदा गिलावा बदलला, तिन्ही वेळा पैसे वाया गेले. शेवटी बाहेरची माती उपसून तिची पातळी जोत्याच्या खाली आणली, फरशीला घरापासून दूर उतार दिला आणि मग भिंत वाळली. म्हणून तळमजल्याचं घर बघताना आधी बाहेरून एक चक्कर मारा.

सगळे तडे सारखेच समजणं

गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या बारीक रेघा असतील तर तो गिलावा वाळताना आकसल्याचा परिणाम, त्यावर वेळ घालवू नका. भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथली सरळ रेघही सहसा दोन वेगळ्या साहित्यांच्या कमीजास्त आकुंचन-प्रसरणाची असते. काळजी करायची ती तिरक्या तड्याची, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघून एका टोकाला रुंद होत गेलेल्या. पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचला की असा तडा जातो. तो बाहेरच्या बाजूनेही दिसतोय का आणि जवळचं दार चौकटीत अडकतंय का, हे पाहा.

मोजायला खिशातलं एटीएम कार्ड चालतं, त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते. कार्ड तड्यात सहज शिरलं तर तो केसाएवढा उरलेला नाही. रुंदी पाच मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. तडा जुना आणि स्थिरावलेला आहे की अजून वाढतोय हे एका भेटीत कळत नाही. टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, शेजारी पट्टी धरून फोटो घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघा.

कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत उभा-आडवा तडा आणि बाजूला तांबूस डाग दिसला, तर प्रकरण आणखी गंभीर. नवं काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो आणि त्यात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, पीएच ९च्या खाली येतो आणि सळईवरचं संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीटचे तुकडे सुटतात. स्लॅबचा खालचा थर सुटून सळ्या दिसत असतील तर नुसतं सिमेंट थापून भागत नाही. सळईचा गंज काढायला लागतो आणि कधी कधी सळई बदलावी लागते.

नळ आणि वीज यांचं थोडक्यात. सगळे नळ बंद करून अर्धा तास पाण्याच्या मीटरचा काटा बघा, हलला तर कुठेतरी गळतंय. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे जातंय की कोपऱ्यात साचतंय हे लगेच दिसतं. विजेची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्या, अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर आहे ना, एवढं आधी विचारा.

किंमत आधी आणि घर नंतर

१९८७ साली ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला. विद्यार्थी आणि मुरलेले एजंट यांना एकच घर दाखवलं, माहितीही सारखीच दिली, फक्त मालकाने सांगितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी. ज्यांना मोठा आकडा दिला त्यांनी घराचं मोलही जास्त ठरवलं. एजंटही यातून सुटले नाहीत, आणि त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला हे मात्र फारसं कुणी मान्य केलं नाही. म्हणून माझा हट्ट असतो की घर बघण्याआधी आसपासच्या प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून आपला आकडा कागदावर लिहून ठेवायचा आणि दुरुस्तीचा अंदाज नंतर त्यातून वजा करायचा.

‘हप्ता झेपतो’ हे दुसरं फसवं वाक्य. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर मुद्दलाच्या २.१६ पट परतफेड होते आणि पहिल्या हप्त्यातले सहापैकी पाच हिस्से नुसतं व्याज असतं. सगळी शिल्लक आगाऊ रकमेत घालून बसलात तर ओलीची भिंत दुरुस्त करायला काही उरत नाही.

विकणाऱ्यांची चूक

आपण ज्या किमतीला घेतलं त्याखाली विकायला मन तयार होत नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी १९९०च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या घरविक्रीचा अभ्यास केला. तोट्यात जाणाऱ्या मालकांनी किंमत चढी सांगितली. त्यांना थोडी जास्त मिळालीही, पण त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. घाई असलेल्याने हे ध्यानात ठेवावं.

दोष झाकणं त्याहून वाईट. आम्ही ते घर विकलं तेव्हा बाहेरची माती उपसतानाचे फोटो, दुरुस्तीच्या पावत्या आणि त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांतले भिंतीचे फोटो एका फायलीत घातले आणि पहिल्याच भेटीत खरेदीदारांपुढे ठेवले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, बाहेर जाऊन जोतं पाहिलं, थोडी किंमत कमी करायला सांगितली. आम्ही केली. ती फाइल आता त्यांच्याकडे आहे.