कॉम्प्युटर सायन्सचा रिसर्चर नावाने शोधायचाय? आधी डीबीएलपी बघा

साध्या सर्चमध्ये नाव टाकलं की त्याच नावाचे डॉक्टर, वकील, खेळाडू सगळे येतात, त्यापेक्षा सरळ डीबीएलपीवर जा, १९९३ला जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात सुरू झालेली ही कॉम्प्युटर सायन्सच्या रिसर्च पेपरांची ऑनलाइन यादी आहे, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हे शब्दाची सुरुवात जुळवतं, म्हणजे रोमन लिपीत किम टाकलं तर किमुरापण येणार, नेमकं किमच हवं असेल तर शब्दाला चिकटून शेवटी $ लावायचा.

आता खरी डोकेदुखी म्हणजे एकाच नावाची ढीगभर माणसं. वेई वांग टाकून बघा, गंमत कळेल! अशांना ते नावापुढे ०००१, ०००२ असे चार आकडी नंबर देतात, ते काय रँकिंग नाही हां, नुसती ओळख. बरोबर माणूस कोणता ते सोबतची संस्था, सहलेखक आणि असेल तर ऑर्किड आयडी (ORCID, म्हणजे रिसर्चरचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर) बघून ठरवा. बिननंबरी पानावर मात्र जरा जपून, तिथे दोनचार जणांचे पेपर एकत्र मिसळलेले असू शकतात.

सायटेशनसाठी बिबटेक (BibTeX, म्हणजे पेपरच्या संदर्भाची ठरलेल्या साच्यातली तयार नोंद) तिथूनच उचला, हाताने टाइप करत बसू नका.