ऐतिहासिक प्रेमकथा कशी वाचावी

अशा कादंबऱ्या बहुतेकदा पहिल्या चाळीस पानांतच हातातून सुटतात. दोष कथेचा नसतो, नावांचा असतो. एकाच घराण्यात तेच नाव पुन्हा पुन्हा येतं: नागपूरकर भोसल्यांत तीन रघूजी झाले. त्यातच लग्नानंतर स्त्रीचं नाव बदलतं, आणि माणसाला कधी नावाने, कधी पदाने हाक मारली जाते. ‘सेनासाहेब सुभा’ म्हणजे भोसलेच.

म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढा. नाव, नातं, पद, माहेर. आठ-दहा माणसं पुरेत, दासी-हुजऱ्यांची नोंद नको. शेजारी दोन-तीन सन लिहा. कथा नागपूरची असेल तर १८१७ची इंग्रजांशी झालेली सीताबर्डीची लढाई आणि १८५४चं राज्य खालसा होणं एवढं तरी हवंच. प्रेमाला किती वर्षं उरली आहेत हे आपल्याला कळतं, पात्रांना नाही. खरा ताण तिथे आहे.

एका बैठकीला वीस-पंचवीस पानं वाचा. लढाईची वर्णनं भरभर वाचली तरी चालतं, पण पत्रं, निरोप आणि सासू-सुनेचे संवाद सावकाश वाचा. उघड बोलायची सोय नसलेल्या वाड्यात प्रेम तिथेच लपलेलं असतं.

मध्येच मोबाइलवर ‘हे खरं घडलं का’ शोधू नका, शेवट फुटतो. शंकेवर खूण करा आणि पुस्तक संपल्यावर तपासा. एकांतातले संवाद लेखकाचेच असतात, तारखा आणि तह मात्र पडताळता येतात. कथा नागपूरची असेल तर मग एखाद्या सकाळी तिथल्या महाल या जुन्या भागात चक्कर मारा.